धावण्याची सुट्टी

वैराग, ता. बार्शी, जि. सोलापूर



चाळिशी-पंचेचाळिशीनंतर धावायला लागलेल्या माणसाचा दम आधी वाढतो. पाय मागाहून तयार होतात. नवख्याची बहुतेक दुखणी या दोहोंमधल्या अंतरातून येतात. नियमित धावणे सुरू झाले की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो, हृदय दर ठोक्याला जास्त रक्त पुढे ढकलू लागते आणि दोन मिनिटांत धापा टाकणारा माणूस महिन्या-दीड महिन्यात दहा मिनिटे गप्पा मारत धावतो. स्नायूही त्या मानाने लवकर सावरतात. पण स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा आणि खुद्द हाड यांना एवढी घाई नसते. कंडरेला रक्तपुरवठा मुळात कमी, त्यामुळे तिची सुधारणा महिन्यांच्या हिशेबाने चालते. जुने हाड पोखरून काढून त्या जागी नवे भरण्याचे एक आवर्तन पुरे व्हायला साधारण तीन ते चार महिने लागतात. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, सगळे झकास चालले आहे असे वाटत असतानाच, घोट्यामागची शीर धरते, सकाळी अंथरुणातून उतरताना टाच टेकवत नाही किंवा नडगी ठणकू लागते. या टप्प्यावर घात आळस करत नाही, हुरूप करतो.

धावताना प्रत्येक पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. पाऊणशे किलोच्या माणसाच्या बाबतीत हा भार दीड ते सव्वादोन क्विंटल होतो, आणि किलोमीटरभरात तो हजाराहून अधिक वेळा पडतो. चालताना एक पाय सतत जमिनीवर असतो म्हणून ही वेळ येत नाही. रोज पाच किलोमीटर चालणाऱ्याने 'मला सवय आहे' म्हणून रोज धावू नये, त्याचे कारण हेच. या भाराने कंडरेतल्या कोलॅजेनचे धागे तुटतात आणि नवे विणले जातात. दोन्ही कामे एकाच वेळी सुरू होतात, पण पहिले 24 ते 36 तास तुटण्याचे प्रमाण विणण्यापेक्षा जास्त असते आणि पारडे त्यानंतर फिरते. आज सकाळी सहाला धावलेला माणूस उद्या सहाला पुन्हा रस्त्यावर आला, तर तो तुटीच्या काळातच नवी तूट करतो. परवा आला तर त्याला जमा झालेला नफा मिळतो. एका दिवसाच्या खाड्याचे सगळे शास्त्र या हिशेबात आहे.

दुखण्याची वेळही फसवी असते. सवय नसलेल्या श्रमाने येणारा स्नायूंचा ताठरपणा धावल्यावर लगेच जाणवत नाही. तो एक ते तीन दिवसांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतो. दुसऱ्या सकाळी पाय हलके वाटतात म्हणून माणूस पुन्हा धावतो आणि तिसऱ्या दिवशी जिन्यावरून कठडा धरून उतरतो. ताज्या पायांची ग्वाही दुसऱ्या दिवशी मानू नये.

वैरागसारख्या बाजारगावात पहाटे रस्त्यावर धावणारे बहुतेक जण पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारे विशीतले तरुण असतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना 1600 मीटर आणि महिलांना 800 मीटर धावावे लागते, आणि ही मुले त्यासाठी रोज, कधी दोन वेळा, घाम गाळतात. त्यांच्यासोबत निघालेला अठ्ठेचाळीस वर्षांचा दुकानदार किंवा शिक्षक पहिल्याच आठवड्यात त्यांचा वेग आणि त्यांचे वेळापत्रक दोन्ही उचलतो. वेग अंगावर येतो तेव्हा तो निदान थांबतो तरी. वेळापत्रक मात्र मुकाट नुकसान करते. तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान दर दशकात काही टक्क्यांनी घटत जाते, आणि पोटरी व घोट्यामागच्या शिरेची दुखापत तरुणांपेक्षा प्रौढ धावपटूंत जास्त दिसते. स्त्रियांच्या बाबतीत पाळी बंद झाल्यावर हाडांची झीज वेगाने होते. त्यांनी भार आणखी सावकाश वाढवावा.

सुट्टीचे महत्त्व स्पर्धेच्या जगातही उशिराच पटले. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बाउअरमन यांनी एक दिवस कठीण आणि पुढचा दिवस हलका, अशी पद्धत रूढ केली. त्यांचा विद्यार्थी केनी मूर हलक्या दिवशीही चोरून लांब पल्ले मारायचा आणि त्याची प्रगती अडून राहिली होती. बाउअरमननी त्याला अक्षरशः गळ्याला धरून दटावले आणि काही आठवडे फक्त थोडेसे, हळू धावायला लावले. त्यानंतरच्या दोन मैलांच्या शर्यतीत मूरने स्वतःची आधीची वेळ वीस सेकंदांहून अधिकाने सुधारली; पुढे 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तो मॅरेथॉनमध्ये चौथा आला. हेच बाउअरमन 1962 च्या अखेरीस न्यूझीलंडला गेले असताना तिथे आपल्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या माणसाच्या मागे पडले, आणि परत येऊन त्यांनी मध्यमवयीन लोकांसाठी हळू धावण्याचे वर्ग सुरू केले. चाळिशीपलीकडच्या सामान्य माणसाचे धावणे अमेरिकेत रुजले ते या वर्गांच्या आणि त्यांनी हॅरिस नावाच्या डॉक्टरांसह लिहिलेल्या पुस्तकाच्या आधाराने.

महाराष्ट्रात याहून जुना दाखला वारीचा आहे. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्यात दोन रात्री मुक्काम करते. तिथून दिवे घाट चढून सासवडपर्यंतची तीसेक किलोमीटरची मजल वाटेतल्या सर्वांत कष्टाच्या मजलांपैकी एक, आणि त्या मजलेनंतर सासवडला पुन्हा दोन रात्रींचा मुक्काम असतो. सासवडला सोपानदेवांची समाधी आहे, म्हणजे थांबण्याचे कारण भक्तीचे. पण पेरण्या उरकून निघालेल्या पन्नाशी-साठीच्या वारकऱ्याच्या पोटऱ्यांना त्या थांबण्याचा फायदा व्हायचा तो होतोच. अमावास्येला औत न धरण्याची शेतकऱ्यांची रीतही बैलाच्या खांद्याला अशीच उसंत देत आली आहे.

याच्या अगदी उलट वाटेल असे उदाहरण पुण्याच्या आशीष कासोदेकरांचे. त्यांनी 2021-22 च्या हिवाळ्यात सलग 60 दिवस रोज एक पूर्ण मॅरेथॉन धावून विश्वविक्रम केला, तोही पन्नाशीच्या आसपास. मात्र त्याआधी 2019 मध्ये ते लडाखमधली 555 किलोमीटरची शर्यत पुरी करून बसले होते. वर्षानुवर्षे कमावलेल्या पायांनी केलेली ती गोष्ट आहे. पहिल्या महिन्यातल्या माणसाने तिचे कौतुक करावे, अनुकरण करू नये.

नवशिक्यासाठी आठवड्यातून तीन दिवस धावणे पुरेसे आहे, आणि त्या तीन दिवसांत कोणतेही दोन सलग नसावेत. सोमवार, बुधवार, शनिवार असे काही. जगभर वापरला जाणारा पाच किलोमीटरचा नऊ आठवड्यांचा आराखडा 1996 मध्ये जॉश क्लार्क यांनी आखला तोही तीनच दिवसांचा. त्याच्या पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे चालून झाल्यावर एक मिनिट धावणे आणि दीड मिनिट चालणे, असे एकूण वीस मिनिटे करायचे असते. पंचेचाळिशीच्या पुढच्या माणसाने नऊ आठवड्यांचे बारा-चौदा केले तरी काही बिघडत नाही. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करावा.

सुट्टीच्या दिवशी काय करावे याबद्दल मात्र गोंधळ फार असतो. अंथरुणात पडून राहणे गरजेचे नाही. वीस-तीस मिनिटे रमत गमत चालणे, सपाटीवर हलकी सायकल एवढे चालते. उलट, धावणे नाही म्हणून त्या दिवशी द्राक्षबागेत छाटणीला दिवसभर उभे राहणे, तुरीची पोती उचलणे किंवा गावच्या मैदानावर मुलांसोबत क्रिकेटला उतरणे, ही सुट्टी नव्हे. धावणे आणि शेताचे काम यांचा भार पायांच्या खात्यात एकत्रच मांडला जातो. पेरणी, रास, छाटणीच्या दिवसांत धावण्याचे दिवस तीनावरून दोनावर आणावेत. ताकदीचे व्यायाम, म्हणजे खुर्चीवरून हात न टेकता उठणे किंवा पायरीच्या कडेला उभे राहून टाचा वर-खाली करणे, धावण्याच्या दिवशीच उरकावेत, म्हणजे मधला दिवस खरोखर मोकळा राहतो.

झोप आणि जेवण ही सुट्टीच्या दिवसाची खरी कामे. दुरुस्तीला लागणारे वाढीचे संप्रेरक गाढ झोपेत सर्वाधिक स्रवते. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला गजर, यात ते बसत नाही. उपवास म्हणजे विश्रांती नाही. एकादशीला धावू नये हे बरोबर, पण नुसत्या साबुदाण्यावर काढलेला दिवस स्नायूंना फारसे काही देत नाही. सोबत दूध, दही, शेंगदाणे असावेत. एरवी भाकरीबरोबर मटकी, हुलगा, डाळ, चालत असेल तर अंडी, एवढे नेमाने पोटात गेले तर वेगळी पावडर विकत घ्यायची गरज नाही.

ठरलेल्या सुट्ट्यांशिवाय जादा सुट्टी केव्हा घ्यावी, हे नाडी सांगते. सकाळी उठून बसण्यापूर्वी मनगटाची नाडी मिनिटभर मोजावी आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत आकडा लिहावा. नेहमी 68 च्या आसपास असलेला आकडा एखाद्या सकाळी 76-78 निघाला, तर झोप कमी झाली आहे, ताप येऊ घातला आहे किंवा मागच्या धावण्याचा शीण उतरलेला नाही. त्या दिवशी बूट घालू नयेत. उन्हाळ्यात हा आकडा अधिक बोलका होतो. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो आणि उष्म्याला सरावायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस अंतर कमीच ठेवावे.

दोन्ही मांड्या किंवा दोन्ही पोटऱ्या सारख्या दुखत असतील आणि थोडे चालल्यावर दुखणे सैल होत असेल, तर ते श्रमाचे दुखणे. एकाच पायात, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी, विशेषतः नडगीच्या हाडावर दुखत असेल आणि धावता धावता वाढत असेल, तर धावणे त्याच क्षणी थांबवावे. हाडाची बारीक चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये दिसत नाही असे अनेकदा होते, त्यामुळे 'फोटो साफ आहे' एवढ्यावर पुन्हा धावायला जाऊ नये. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे तर सर्वांत वाईट. गोळी दुखापत झाकते, आणि घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडांना त्रास देते. छातीत दडपण, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, अंधारी, यांपैकी काहीही झाले तर तो सुट्टीचा विषय राहत नाही. तडक दवाखाना गाठावा. रक्तदाब, मधुमेह किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असणाऱ्याने तपासणी आणि ईसीजी सुरुवातीपूर्वीच करून घ्यावा.

दोन-तीन दिवस धावले नाही तर कमावलेले जाईल, ही भीती निराधार आहे. दमातली खरी घट दहा-बारा दिवस पूर्ण बंद राहिल्यावर जाणवू लागते. सहा महिने विनातक्रार गेले तर चौथा दिवस जोडता येतो. पन्नाशीनंतर मात्र कितीही तयारी झाली तरी आठवड्याचा एक दिवस पूर्ण मोकळा ठेवावा. पुढच्या महिन्याचे कॅलेंडर उलटले की आधी सुट्टीच्या तारखांना गोल करावेत, आणि मग उरलेल्यांतून धावण्याच्या तारखा निवडाव्यात.

कळावे,
काका