गोळी मागच्या महिन्याची

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनला राहतो. इथले व्हेट शेरूला दर महिन्याला हार्टवर्मची गोळी द्यायला सांगतात, वर दरवर्षी रक्ततपासणी. साताऱ्याच्या आमच्या मोत्याने असली गोळी जन्मात पाहिली नाही, तरी तो चौदा वर्षं जगला. डास तर रोज चावतात, मग महिन्यातून एका गोळीने काय होणार? आणि घराबाहेर न पडणाऱ्या मनीलाही औषध कशाला?

उत्तर : मोत्या बचावला तो गावामुळे. आपल्या देशात हार्टवर्म, म्हणजे हृदयातला हा जंत, मुख्यतः ईशान्येकडे, आसाम-मिझोरामच्या बाजूला सापडतो. महाराष्ट्रात त्याचा चुलतभाऊ दिसतो, पण तो कातडीखाली राहतो, हृदयाच्या वाटेला जात नाही. तुमचं ह्यूस्टन मात्र मेक्सिकोच्या आखाताला लागून, म्हणजे अमेरिकेतल्या हार्टवर्मच्या ऐन पट्ट्यात. तिथल्या रानातल्या कोयोटेंच्या रक्तातही याची पिल्लं असतात. एखाद्या घरात कुत्रा नसला तरी डासांना शिदोरी मिळतेच.

आता गोळी. ती पुढचा महिनाभर पहारा करते असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात आयव्हरमेक्टिनसारखं औषध काही दिवसांत अंगातून निघून जातं. ते काम करतं मागच्या महिन्याचं. डासाच्या पोटात उबदार हवेत दहा-चौदा दिवस वाढलेली अळी चाव्याच्या भोकातून कुत्र्याच्या अंगात शिरते आणि पहिले दोनेक महिने कातडीखाली, स्नायूंत रेंगाळते. या कोवळ्या वयातच गोळी तिला मारू शकते. पुढे ती रक्तात उतरून फुप्फुसांच्या धमन्यांत आणि हृदयात पोचली की महिन्याच्या गोळीला दाद देत नाही. सहा-सात महिन्यांत पूर्ण वाढलेली मादी जवळजवळ फूटभर लांब होते आणि पाच-सात वर्षं जगते. मग उरतात आर्सेनिकयुक्त इंजेक्शनं आणि कित्येक महिने कुत्र्याला पळू न देणं. शेरूला बसवून ठेवणं जमेल का, तुम्हीच सांगा.

रक्ततपासणीला पैसे उकळणं समजू नका. नेहमीची चाचणी पूर्ण वाढलेली मादी हुडकते, म्हणजे आजचा निर्मळ अहवाल साधारण सहा महिन्यांपूर्वीपर्यंतचाच असतो. शिवाय रक्तात आधीच असंख्य पिल्लं असताना गोळी दिली आणि ती एकदम मेली, तर कुत्र्याला धक्का बसू शकतो.

एक मात्र करू नका. सुट्टीत गावी आल्यावर गुरांच्या आयव्हरमेक्टिनची स्वस्त बाटली बॅगेत टाकू नका. कुत्र्याची हार्टवर्मची मात्रा किलोमागे 6 मायक्रोग्रॅम, गुरांची 200. आपल्याकडे गोचिडांवर ते सर्रास टोचतात, पण कोली जातीच्या कित्येक कुत्र्यांत ते मेंदूपर्यंत पोचतं आणि जीव घेतं.

मनीचं म्हणाल, तर डास दार वाजवून येत नाहीत. मांजरात एक-दोनच जंत असतात, म्हणून चाचणीत निसटतात. खोकला, धाप पाहून दमा वाटतो आणि वाढलेला जंत मारायचं सुरक्षित औषध मांजरासाठी नाही. तेव्हा तिलाही द्याच. तिच्या जबड्यात गोळी कोंबण्याचा पराक्रम टाळायचा असेल, तर मानेमागे, जीभ पोचणार नाही अशा जागी टाकायचे थेंब मिळतात.