जुनी मोटार घ्यावी का? आधी ती कितीला पडते ते पाहा

दुचाकीवर कपड्याचे गठ्ठे बांधून गावोगाव जाणाऱ्या व्यापाऱ्याला किंवा शिलाईचे काम पोहोचवणाऱ्या कारागिराला कधी ना कधी वाटतेच की, आता एक छोटी मोटार असावी. नवी झेपत नाही, म्हणून नजर दहा-बारा वर्षे चाललेल्या, हाताने गिअर टाकायच्या हॅचबॅककडे जाते. जव्हारपासून सुमारे २० किलोमीटरवरचे दाभोसा आणि मोखाड्याकडची गावे अशा ठिकाणी तर ही गरज चैनीची नव्हे, कामाची आहे. रस्ता चढउताराचा, पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक, आणि वाटेत मोटार बंद पडली तर मेकॅनिक जवळ नाही. म्हणून अशा भागात जुनी मोटार कशी पारखावी, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

कापडाच्या धंद्यात आपण एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकतो. पेढीवर सांगितलेला भाव हा खरा भाव नसतो. हमाली, गाडीभाडे आणि फाटका-डागी माल धरून तो माल दुकानी कितीला पडला, तो खरा भाव. जुन्या मोटारीलाही हाच नियम लावावा. विकणारा सांगतो ती मागणी झाली. मोटार एक पावसाळा नीट चालेल अशी करून, आपल्या नावावर होऊन दारात उभी राहीपर्यंत जो खर्च होतो, ती तिची किंमत.

काम कोणते?

पहिला प्रश्न स्वतःला विचारावा: मोटार माणसांसाठी हवी की मालासाठी? खासगी मोटारीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत वापराच्या अटी छापलेल्या असतात. भाड्याने चालवणे आणि नमुने किंवा स्वतःचे सामान सोडून इतर मालाची वाहतूक करणे या गोष्टी त्या अटींत बसत नाहीत. म्हणजे नमुन्याचे चार ताके घेऊन गिऱ्हाइकाकडे जाणे वेगळे आणि मागची सीट काढून गाठी भरणे वेगळे. गाठी भरलेल्या मोटारीला घाटात अपघात झाला तर विमा कंपनी नुकसानभरपाई नाकारू शकते. ज्यांचे काम मुख्यतः माल वाहण्याचे आहे, त्यांनी हॅचबॅक घेऊच नये. त्यांनी मालवाहू परवान्याच्या छोट्या टेम्पोचा किंवा भाड्याच्या गाडीचा हिशेब करावा. महिन्यात दोन-चारच फेऱ्या होत असतील तर भाड्याची गाडीच स्वस्त पडते.

मॉडेल कोणते?

स्वस्त मिळते म्हणून कोणतेही मॉडेल घेऊ नये. जनरल मोटर्सने शेव्हरोले मोटारींची भारतातील विक्री २०१७ मध्ये थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. अशा मोटारी कमी भावात मिळतात, त्याचे हे एक मोठे कारण. मोटार चांगली असली तरी सुटा भाग मागवावा लागला की चार दिवस धंदा बंद. उलट मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये संपले, तरी तिचे पुष्कळ भाग ओळखीचे आहेत. आपला मेकॅनिक कोणत्या मोटारीला हात घालतो, हे आधी विचारावे.

चढावर इंजिनाचा आकारही मोजला जातो. ऑल्टो ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे, ऑल्टो के-१० चे ९९८ सीसीचे. चार माणसे बसवून घाट चढायचा असेल तर हा फरक पायाला कळतो.

घाटावर परीक्षा

नव्या कोऱ्या कापडाला खळ चढवली की विरळ वीणही भरीव दिसते. जुन्या मोटारीला पॉलिश म्हणजे तीच खळ. म्हणून मोटार आवारात फिरवून बघू नये, आपल्याच रस्त्यावर बघावी.

१) सकाळी, इंजिन थंड असताना जावे. आधी बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागला तर विकणाऱ्याने ते आधीच चालू करून ठेवले आहे. सुरू होताना आणि नंतर निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल खाते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला तर त्यात पाणी शिरत असावे.

२) क्लच पाहण्यासाठी सपाट जागी, पुढे कोणी नसताना हॅण्डब्रेक ओढून तिसरा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच पकडतो आहे. ते फिरतच राहिले तर क्लच सरकतो आहे आणि चढावर दगा देईल.

३) मोटारीत नेहमीइतकी माणसे बसवून चढावर थांबावे. हॅण्डब्रेकवर ती उभी राहते का आणि पहिल्या गिअरवर मागे न घसरता उचलते का, ते पाहावे. काट्यावर इंजिनाचे तापमान चढत जाते का, तेही बघावे.

४) उतारावर दुसरा गिअर ठेवून पाय पेट्रोलवरून काढावा. हाताच्या गिअरचा खरा फायदा इथेच, कारण इंजिन वेग रोखते आणि ब्रेक तापत नाहीत. पण अशा वेळी गिअर आपोआप निसटून न्यूट्रलला आला तर गिअरबॉक्स झिजली आहे. अशी मोटार सोडून द्यावी.

५) उभ्या मोटारीत इंजिन चालू ठेवून ब्रेक मिनिटभर दाबून धरावा. पेडल हळूहळू खाली गेले तर कुठेतरी गळती आहे. सर्व नव्या मोटारींना एबीएस एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या बहुतेक स्वस्त मोटारींत ते नाही. ओल्या उतारावर जोराने ब्रेक मारला तर चाके जखडून मोटार घसरते, याचे भान ठेवावे.

६) पायाखालची मॅट आणि स्टेपनीची जागा उघडून गंज व ओल पाहावी. टायरवरील चार आकडी शिक्का वाचावा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुने रबर कडक होते. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि जुन्या मोटारी त्यासाठी बनवलेल्या नाहीत, म्हणून पेट्रोलच्या रबरी नळ्याही मेकॅनिककडून तपासून घ्याव्यात.

कागद

इथे जव्हारच्या बाजूला एक विशेष गोष्ट आहे. सिल्वासा जवळ असल्याने डीएन किंवा डीडी अक्षरांच्या पाटीच्या मोटारी स्वस्तात दाखवल्या जातात. तो केंद्रशासित प्रदेश आहे. तिथली मोटार महाराष्ट्रात कायम ठेवायची तर तेथील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणावे लागते, इथे नवा नंबर घ्यावा लागतो आणि मोटारीच्या वयानुसार कर भरावा लागतो. हा खर्च मागणीत मिळवला की स्वस्ताई बहुधा उरत नाही.

नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा दाखला घ्यावा. चेसिस व इंजिनाचे नंबर स्वतः ताडून पाहावेत. थकलेले ई-चलन आणि विम्याची मुदत तपासावी. फॉर्म २९ व ३० वर सह्या घेऊन ते लगेच कार्यालयात दाखल करावेत. घेणाऱ्याला त्यासाठी कायद्याने ३० दिवस मिळतात. “मोटार चालवा, नाव नंतर करू” असे म्हणणाऱ्याशी सौदा करू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की, मोटार पुढे विकली गेली असली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणून नाव बदलणे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ती १०,००० रुपये करण्यात आली. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. २०१२ ची मोटार घेणाऱ्याला हा खर्च २०२७ मध्येच येणार.

हिशेब

आता उदाहरण म्हणून दोन मोटारी धरू. पहिलीची मागणी १,३०,००० रुपये. टायर १३,०००, क्लच ७,०००, बॅटरी ४,५००, ब्रेक व सस्पेन्शन ५,५००, विमा व नावाचे काम १०,०००. ती पडली १,७०,००० रुपयांना. दुसरीची मागणी १,५५,०००, पण टायर, क्लच, बॅटरी ठीक आहेत आणि सर्व्हिसच्या पावत्या आहेत. तिला फक्त विमा व नावाचे १०,००० लागले. ती पडली १,६५,००० ला. महाग दिसणारी मोटार स्वस्त पडली. हे आकडे समजुतीसाठी आहेत. वाचकांनी आपल्या मेकॅनिकचे आकडे घालून हाच तक्ता कागदावर मांडावा आणि मगच भाव बोलावा.

व्याजाचे कर्ज टाळून साठवलेल्या पैशातून घेणाऱ्यांनी सगळी रक्कम खरेदीत घालू नये. चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा. तो ठेवता येत नसेल तर ती मोटार आपल्या ऐपतीबाहेरची समजावी आणि आणखी सहा महिने थांबावे.

मालाचा ऐब झाकून विकू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. पण विकणाऱ्याने ऐब सांगितला नाही म्हणून घेणाऱ्याची पारखायची जबाबदारी संपत नाही. आणि पुढे हीच मोटार आपण विकायला काढू, तेव्हा क्लच कधी बदलला, गंज कुठे आहे, हे न विचारता सांगावे. त्याने दोन हजार रुपये कमी येतील, पण तालुक्याच्या बाजारात शब्दाची किंमत त्याहून मोठी आहे.