फॉरमॅट मारण्याआधी

घरातला जुना कॉम्प्युटर सुरू झाला नाही की आपल्याकडे निदान आधी ठरतं: हार्ड डिस्क गेली. उपायही ठरलेलाच, फॉरमॅट मारा आणि नवीन विंडोज टाका. माझा या क्रमालाच विरोध आहे. बिघाड डिस्कच्या बाहेर असेल तर फॉरमॅटने तो जात नाही. डिस्कमध्येच असेल, तर त्याच डिस्कवर नव्याने लिहिणं म्हणजे वाचू शकला असता तोही मजकूर घालवणं. फॉरमॅटला जागा आहे, पण ती शेवटची.

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांत तर बाहेरच्या कारणांचा संशय आधी घ्यायला हवा. पावसाळ्यात घाटाकडच्या गावांत झाड तारेवर पडतं, लाईट जाते, येते, पुन्हा जाते. (भाटघरला धरणाच्या पायथ्याशी वीज तयार होते, हे अशा वेळी न आठवलेलं बरं.) डिस्कवर काही लिहिलं जात असताना लाईट गेली तर अर्धवट नोंदी राहतात आणि पुढच्या वेळी विंडोज अडखळतं. दमट हवेने रॅमच्या पट्टीचे आणि केबलचे संपर्क खराब होतात. विजांच्या भीतीने प्लग काढून ठेवतात, ते योग्यच. पण तेवढा काळ घड्याळ आणि बायोसमधली सेटिंग मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ या गोल बॅटरीवरच तगून असतात. ती संपली की तारीख मागे जाते आणि सेटिंग कारखान्यातून आली तशी होते. डिस्कची पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर गेली, तर विंडोज ७ निळा पडदा दाखवून थांबतं. डिस्क धडधाकट असते, बॅटरी बदलून ते एक सेटिंग पूर्ववत केलं की काम भागतं. म्हणून निळा पडदा दिसला तर बायोसमध्ये जाऊन आधी तारीख पाहावी.

पडद्यावरचा संदेशही न वाचताच मशीन बंद केलं जातं, आणि खरा पुरावा तिथेच असतो. ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ किंवा एक्सपीच्या काळातलं ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ हे शब्द बायोसचे नसतात, डिस्कवरच्या बूट सेक्टरमध्ये लिहिलेले असतात. म्हणजे डिस्क फिरली, निदान तेवढा भाग वाचला गेला, पुढची फाइल तेवढी सापडली नाही. मात्र विंडोजमध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरही असा सेक्टर असतो, त्यामुळे यूएसबीला लावलेलं सगळं काढून पुन्हा सुरू करणं ही पहिली, फुकटातली तपासणी. याउलट बायोसच्या यादीत डिस्कचं नावच नसेल, तर प्लग काढून सीपीयूचा डबा उघडावा, डिस्कची डेटा केबल आणि पॉवर केबल काढून नीट बसवावी, जमल्यास दुसरी लावून पाहावी. एसएमपीएस थकला असेल तर डिस्कच्या मोटरला लागणारे १२ व्होल्ट धड मिळत नाहीत आणि चांगली डिस्कही मेल्यासारखी वागते.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र मशीन लगेच बंद करावं. पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्यात उरलेलं आयुष्य खर्ची पडतं. आवाज नाही, पण बायोसला डिस्क दिसते, अशा वेळी लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून डिस्कला हात न लावता आतलं पाहता येतं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी स्मार्ट नोंद ठेवते, तिच्यात ‘पेंडिंग सेक्टर’ वाढलेले दिसले तर पृष्ठभाग खराब होतोय. ‘सीआरसी एरर’ वाढत असतील तर संशय केबलवर. पहिल्या प्रकारात ‘चेकडिस्क’ चालवण्याचा मोह आवरावा. ते दुरुस्ती करताना डिस्कवर लिहितं, आणि आजारी डिस्कला तासन्‌तास राबवतं. आधी डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने पूर्ण डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, मग दुरुस्तीचे प्रयोग त्या नकलेवर करावेत.

यावर आक्षेप येतो की दुकानदार तासाभरात विंडोज टाकून देतो, एवढा खटाटोप कोण करणार? दुकानदाराला मशीन चालू करून द्यायचं असतं, आणि त्याच्या बाजूने ते रास्तच आहे. आतलं काय मोलाचं ते त्याला कसं कळावं? सातबारा पुन्हा काढता येतो, लग्नाचे फोटो येत नाहीत. श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फाइली वाचल्या, तरी फॉन्ट फॉरमॅटमध्ये गेले की पडद्यावर नुसती अक्षरांची गिचमीड दिसते. खटाटोप स्वतः करायचा नसेल तर ‘आधी कॉपी, तोवर डिस्कला काही करू नका’ असं पावतीवर लिहून घ्यावं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एवढं जुनं मशीन जपायचं तरी कशाला? विंडोज ७ ची सुरक्षा १४ जानेवारी २०२० ला थांबली, विंडोज १० ची नेहमीची मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. मशीन बदलावं, हे मलाही मान्य. पण नवीन मशीन घेतल्याने जुन्या डिस्कवरचा मजकूर आपोआप तिकडे जात नाही. डिस्क चालत असेल तर साटा-यूएसबी अडॅप्टरने ती नव्या मशीनला जोडता येते. रुंद पट्टीच्या केबलची, म्हणजे आयडीई डिस्क असेल तर त्या जातीचा अडॅप्टर मागावा. जुनंच वापरायचं असेल तर नवी एसएसडी घालून विंडोज तिच्यावर टाकावं, आणि हव्या त्या फाइली नव्या जागी उघडून पाहीपर्यंत जुनी डिस्क कोरड्या जागी, नाव-तारखेची चिठ्ठी लावून ठेवावी.