मशीहाची प्रतीक्षा आणि मनुष्याचे कर्तव्य

अलिबागजवळील खंडाळे या गावी एक खडक आहे. त्यावरील खुणा प्रेषित एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या व घोड्यांच्या टापांच्या आहेत, अशी कोकणातील बेने इस्राएल समाजाची श्रद्धा आहे. नवस फेडण्यासाठी कुटुंबे येथे येतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर व फळे यांचा 'मलिदा' सिद्ध करून ईशस्तुती गातात व तो सर्वांना वाटतात. हा एलियाहू कोण? अग्निरथातून स्वर्गारोहण केलेला प्रेषित. मलाखीच्या ग्रंथानुसार तो परमेश्वराच्या महान दिवसापूर्वी परत येणार असून, पुढील परंपरेने त्याला मशीहाचा अग्रदूत मानले आहे. अर्थात कोकणातील या खडकापाशी यहुदी धर्मातील एक गहन प्रश्न उभा राहतो : मशीहा म्हणजे काय, आणि तो येईपर्यंत मनुष्याने काय करावे?

'माशिआह' या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ 'तैलाभिषेक झालेला' असा आहे. प्राचीन इस्राएलात राजा व प्रमुख याजक यांना तेलाने अभिषेक करीत. यशयाच्या ग्रंथात तर इराणचा परधर्मीय राजा कोरेश यालाही हेच विशेषण लाविले आहे. कारण त्याने बाबेलमधील बंदिवान यहुद्यांना मायदेशी परतू दिले. पुढे इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले, आणि दावीद राजाच्या वंशात जन्मणाऱ्या भावी उद्धारकाची आशा अधिक तीव्र झाली.

गीतेच्या चौथ्या अध्यायातील अवताराशी या कल्पनेची तुलना करण्याचा मोह वाचकास होईल. परंतु येथे एक भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे. अवतारात स्वतः भगवंत जन्म घेतात. मशीहा मात्र मनुष्यच असतो. परमेश्वर निराकार असून तो देह धारण करीत नाही, हा यहुदी धर्माचा मूलभूत सिद्धान्त आहे. बाराव्या शतकातील थोर पंडित मैमोनिदीस याने मशीहावरील विश्वासाची गणना धर्माच्या तेरा तत्त्वांत केली. तथापि मशीहाने चमत्कार करून दाखविले पाहिजेत असे नाही, सृष्टीचे नियमही पालटणार नाहीत, असे त्याने स्पष्ट सांगितले. विखुरलेल्या लोकांना एकत्र आणणे, मंदिर पुन्हा उभारणे आणि युद्धाचा अंत होऊन ईश्वरज्ञान सर्वत्र पसरणे, ही मशीहाच्या युगाची लक्षणे होत. ती अद्याप प्रकट झालेली नाहीत, म्हणून यहुदी अजूनही वाट पाहतात. येशूला मशीहा न मानण्याचे त्यांचे एक प्रमुख कारणही हेच आहे.

या आशेने यहुद्यांना तारले, तसे पोळलेही. इ. स. १३२ मध्ये बार कोखबाने रोमविरुद्ध बंड पुकारले. रब्बी अकिवासारख्या ज्ञानी पुरुषाने त्याला मशीहा मानले. १३५ मध्ये त्या बंडाचा भयंकर नाश झाला. १६६५ मध्ये शब्बताई झ्वी याच्या घोषणेने अनेक देशांतील यहुदी आपली घरेदारे विकून यात्रेच्या तयारीस लागले; दुसऱ्याच वर्षी सुलतानाच्या धाकाने त्याने इस्लाम स्वीकारला. म्हणूनच मशीहाच्या आगमनाची तिथी मोजीत बसणाऱ्यांचा धर्मशास्त्राने निषेध केला आहे.

मग व्यक्तीच्या उद्धाराचे काय? यहुदी मताप्रमाणे मनुष्य जन्मतः पापी नाही. त्याच्या ठायी सत् व असत् अशा दोन्ही प्रवृत्ती असतात. चुकलेल्याने परत फिरावे, यास 'तेशुवा' म्हणतात. त्यासाठी मध्यस्थाची गरज नाही. मात्र एक अट कठोर आहे : ईश्वराविरुद्ध घडलेल्या अपराधाचे क्षालन प्रायश्चित्तदिनी, योम किप्पूरला होते, परंतु शेजाऱ्याचा अपराध केला असेल तर प्रथम त्या शेजाऱ्याची क्षमा मिळविली पाहिजे. उपवासाने ते ऋण फिटत नाही. सदाचारी परधर्मीयांनाही परलोकात वाटा आहे, असे प्रमुख धर्माचार्यांनी मानले आहे.

नौगावजवळ जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, असे बेने इस्राएल परंपरेने सांगतात. तेल गाळून उपजीविका करणाऱ्या या लोकांनी शनिवारचा विश्राम सोडला नाही, म्हणून कोकणाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. बहुतेक शास्त्रग्रंथ विस्मृतीत गेले असताही 'शेमा' ही प्रार्थना व एलियाहूचे स्मरण त्यांनी जपले. १९४८ मध्ये इस्राएल राज्य स्थापन झाले, तेव्हा भारतात त्यांची संख्या सुमारे २०,००० होती. पुढील काळात बहुतेक तिकडे गेले. विखुरलेल्यांच्या एकत्रीकरणाचे वचन फळास आले, असे अनेकांस वाटले. परंतु १९६२ मध्ये तेथील धर्मपीठाने विवाहप्रसंगी त्यांच्या वंशशुद्धीची चौकशी करण्याचा आदेश काढला. ज्या भूमीची शतकानुशतके वाट पाहिली, तिच्याच उंबरठ्यावर त्यांना 'तुम्ही कोण?' असे विचारले गेले. समाजाने चिकाटीने लढा दिला आणि १९६४ मध्ये तेथील संसदेने त्यांचे पूर्ण यहुदीपण मान्य केले. उद्धाराच्या भूमीतही न्याय आपोआप मिळत नाही; तो माणसांनीच माणसांना द्यावा लागतो, हे या प्रसंगाने दाखविले.

पहिल्या शतकातील रब्बी योहानान बेन झक्काय यांच्या नावे एक शिकवण सांगतात. हाती रोप असता मशीहा आल्याची वार्ता कळली, तर आधी ते रोप लावावे आणि मग त्याच्या स्वागतास जावे, असा तिचा आशय आहे. गीतेच्या अभ्यासकास ही वृत्ती परकी वाटणार नाही. गीता फलाची आसक्ती सोडावयास सांगते. यहुदी धर्म फलाची आशा सोडीत नाही, पण हातचे कर्तव्यही तिच्यासाठी खोळंबू देत नाही. वाट पाहणे म्हणजे हात जोडून बसणे नव्हे. दुखावलेल्या शेजाऱ्याचे दार ठोठावणे आणि हातातील रोप मातीत लावणे, ही दोन कामे मशीहा येण्यापूर्वीच करावयाची असतात.