तो 'टक्' आवाज कोठला?
(घरच्या संगणकावरील ध्वनिमुद्रणाविषयी)

मराठीच्या प्रकल्पासाठी गेल्या वर्षी आम्हा काही विद्यार्थ्यांना आपापल्या गावाकडील मौखिक वाङ्मय गोळा करून आणावयाचे होते. कोणी उखाणे आणले, कोणी भोंडल्याची गाणी आणली. माझ्या घरी तर खाणच होती. माझ्या आजीला जात्यावरच्या ओव्या येतात. गी पॉइट्व्हँ व हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा १ लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. पण आमच्या आजीच्या ओव्या आजवर कोणी टिपल्या नव्हत्या, आणि तिचे वय आता ८१.

चुलतभावाचा जुना संगणक आणि मित्राकडून उसना आणलेला यू.एस.बी. माइक एवढ्या भांडवलावर मी गावी गेलो. माजघरातले जाते पुसून मांडले. आजीने मूठभर जोंधळे वैरले, खुंट्याला हात घातला आणि तिचा आवाज लागला. एका बैठकीत तिने अकरा ओव्या म्हटल्या. रात्री हेडफोन लावून ऐकावयास बसलो तो काय, दर थोड्या वेळाने 'टक्'! कधी एकदा, कधी लागोपाठ दोनदा. मी बारकाईने पाहिले. दोन ओव्यांच्या मधल्या शांततेत हा आवाज मुळीच नव्हता. आजी गाऊ लागली, हात फिरू लागला, की 'टक्' सुरू. माझ्या तर्कशास्त्राने तत्काळ निकाल दिला : हातातल्या बांगड्या!

दुसऱ्या दिवशी मी म्हटले, "आजी, तेवढ्या बांगड्या जरा काढून ठेवतेस का?" ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "आरं, तुजा आजा जित्ता हाय न्हवं? आन् मला बांगड्या काढाय सांगतूस?" जात्यावरून उठली ती गेली परड्यात. दोन दिवस ती जात्याकडे फिरकली नाही, माझ्याशीही कामापुरतेच बोलली. बांगड्यांचा काही संबंध नव्हता. दोष संगणकात होता. त्या दोन दिवसांत रिकामपणी जी शोधाशोध केली, ती पुढीलांच्या उपयोगी पडावी म्हणून हा लेख.

प्रथम संगणक आवाज टिपतो म्हणजे काय करतो, ते पाहू. माइकापाशी आलेल्या कंपनाची उंची तो ठराविक काळाने मोजतो आणि आकड्यांत लिहून ठेवतो. अशा एका मोजणीला नमुना म्हणतात. सी.डी.साठी ठरलेले आणि आजही सर्रास वापरले जाणारे प्रमाण म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने. माणसाच्या कानाची वरची मर्यादा सुमारे २०,००० कंपनांची. तेवढी कंपने पकडावयाची तर त्यांच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते, म्हणून हा आकडा. कॅसेटचे यंत्र थकले की आवाज ओढल्यासारखा येई. सूर उतरे, पण ओळ सलग राही. येथे मात्र आकड्यांची रांग आहे. रांगेतले पाचपन्नास आकडे गळाले, तर ओळ एका ठिकाणी तुटून एकदम दुसऱ्या उंचीवर सुरू होते. ती तुटलेली कड कानाला 'टक्' अशी लागते.

आकडे गळतात कसे? पहाटे नळाला पाणी आले आहे आणि नळ बंद करण्याची सोय नाही, असे समजा. नळाखाली एक बादली भरते आहे. दुसरी आपण उचलून पिंपात ओतून परत येतो आहोत. पहिली भरून वाहण्याआधी रिकामी बादली खाली लावली की झाले. परत यायला उशीर झाला, मध्येच शेजारीण बोलत उभी राहिली, की पाणी मोरीत गेलेच. ते परत मिळत नाही. ध्वनिमुद्रणात या बादलीला 'बफर' म्हणतात, आणि ती केवढी असावी हे सेटिंग्जमध्ये आपल्यालाच ठरविता येते. मी ती ठेवली होती ६४ नमुन्यांची. म्हणजे संगणकाने सेकंदाला सुमारे ६८९ वेळा नळापाशी धावावयाचे! बादली कसली, वाटीच ती. तीच १,०२४ नमुन्यांची ठेवली तर सेकंदाला सुमारे ४३ फेऱ्या पुरतात.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. 'टक्' आला की लोक म्हणतात, संगणक जुना आहे, मंद आहे, नवा घ्या. एका माणसाचा आवाज टिपणे हे जुन्या संगणकालाही जड नाही. १६ बिटांच्या हिशेबाने मिनिटाला साधारण ५.३ मेगाबाइट लिहावे लागतात, बस्स. सरासरी वेग पुरेसा असतो. प्रश्न असतो तो एखाद्याच चुकलेल्या फेरीचा. हजार फेऱ्या वेळेवर झाल्या आणि एक चुकली, तरी 'टक्' व्हायचाच. आणि ती चुकविणारी शेजारीण बहुधा भलतीकडेच सापडते : वायरलेस नेटवर्कचा ड्रायव्हर, प्रत्येक नवी फाइल तपासणारे व्हायरसविरोधी सॉफ्टवेअर, फाइलींची आपोआप इंटरनेटवर प्रत पाठविणारी सेवा, किंवा वीज वाचविण्यासाठी प्रोसेसरचा वेग मधूनच उतरविणारी व्यवस्था. यू.एस.बी.च्या एकाच जोडफळीला माइक आणि बाहेरची डिस्क दोन्ही लावली तरीही हा घोटाळा होऊ शकतो.

मग लोक लहान बफर ठेवतातच कशाला? त्याला कारण आहे. गायकाला स्वतःचा आवाज संगणकातून फिरून हेडफोनमध्ये ऐकावयाचा असेल, तर मोठ्या बादलीमुळे तो उशिरा पोहोचतो. १,०२४ नमुन्यांचा बफर येताना व जाताना धरला, तर सुमारे ४६ मिलिसेकंद लागतात. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे सोळा मीटरांवरून आपलाच आवाज ऐकल्यासारखे झाले. ताल सांभाळणाऱ्याला ते असह्य होते. मला सल्ला देणारा मित्र गिटार वाजवितो. त्याच्या दृष्टीने ६४ हा आकडा बरोबरच होता. पण माझ्या आजीने कानाला हेडफोन लावलेलाच नव्हता! तिला उशिराचे काय? लोकगीते, मुलाखती, भाषणे टिपणाऱ्याने बफर खुशाल मोठा ठेवावा. ही एवढी गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर पुढचे रामायण टळले असते.

आता ज्या शांततेने मला फसविले तिच्याकडे वळू. मधल्या शांततेत 'टक्' नाही, म्हणून तो बांगड्यांचा, असे मी धरले होते. पण शांततेत नमुन्यांचे आकडे शून्याच्या आसपासच रेंगाळत असतात. त्यातले काही गळाले तरी आधीची आणि नंतरची उंची जवळजवळ सारखीच. कड पडत नाही, कानाला काही कळत नाही. नमुने तेव्हाही गळत होते, फक्त ऐकू येत नव्हते. म्हणून ही गळती तपासावयाची तर शांतता टिपून उपयोग नाही. अखंड आणि स्थिर असा आवाज हवा. मी मोबाइलवरील तंबोरा माइकापुढे दहा मिनिटे लावून ठेवला. आजी परड्यात, बांगड्या तिच्या हातात, आणि इकडे 'टक्' चालूच! माझा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला असावा. (मोबाइल जवळ ठेवताना तो विमान-अवस्थेत ठेवावा. जुन्या पद्धतीच्या जी.एस.एम. जाळ्यावर असलेला फोन सेकंदाला २१७ वेळा लहरी सोडतो, आणि त्यांची टर्रटर्र माइकाच्या तारेत शिरू शकते.)

याच्या उलटही खरे आहे. संपूर्ण शांततेतही चरचर, करकर येत असेल तर ती गळती नव्हे. मग तार, सैल पिन, चार्जर यांच्याकडे पाहावे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहिले की निम्मा निकाल तेथेच लागतो.

त्याही आधी करावयाची एक सोपी परीक्षा म्हणजे तेच मुद्रण दोनदा ऐकणे. दोन्ही वेळा 'टक्' नेमका त्याच शब्दावर आला, तर तो फाइलीत आहे. जागा बदलली, तर फाइल शुद्ध आहे आणि अडचण फक्त ऐकविण्याच्या बाजूला आहे; अशा वेळी चांगले मुद्रण पुसून टाकण्याची घाई करू नये. माझा 'टक्' दुर्दैवाने फाइलीतच होता. मग ऑडॅसिटी या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये ती जागा मोठी करून लहर डोळ्यांनी पाहिली. हे मी पहिल्याच रात्री करावयास हवे होते. बांगडी वाजली तर तिला शेपूट असते. किणकिण हळूहळू विरत जाते, आणि लहरीतही ती निमुळती होताना दिसते. गळलेल्या नमुन्यांना शेपूट नसते. तेथे रेषा कड्यासारखी सरळ तुटलेली असते.

डोळ्यांनी ओळखता येणारे आणखी दोन दोष आहेत. लहरींचे माथे सुरीने कापल्यासारखे सपाट दिसले, तर आवाज मापाबाहेर गेला आहे असे समजावे. माइकाची पातळी उतरवून सर्वात मोठ्या आवाजालाही कमाल मर्यादेखाली ६ ते १२ डेसिबल जागा ठेवावी. नंतर आवाज कमी करून कापलेले माथे परत येत नाहीत. दुसरा दोष म्हणजे एखाद्या अक्षरावर दिसणारी मोठी, मंद, फुगीर लाट. ही हवेची झुळूक होय. मराठीत प, फ, ब, भ हे ओठांचे वर्ण चिक्कार, त्यामुळे आपल्याला याचा त्रास फार. ओवी तर पुष्कळदा 'पहिली' म्हणतच सुरू होते! माइक तोंडासमोर न धरता किंचित बाजूला ठेवावा. भरतकामाच्या रिंगवर जुना पायमोजा ताणून मध्ये धरला तर बाजारच्या जाळीइतकेच काम होते. स्वतः कातरकाम करताना जोडावर जो 'टक्' येतो, त्यासाठी लहर शून्यावरून जाते तेथे कापणे किंवा जोडावर काही मिलिसेकंदांचा उतार देणे पुरते.

असो. मी बफर १,०२४ केला, वायरलेस बंद केले, आपोआप प्रत पाठविणारी सेवा थांबविली, वीज-बचत काढून टाकली आणि माइक जोडफळीवरून काढून थेट संगणकाला लावला. मग पुन्हा अर्धा तास तंबोरा. एकही 'टक्' नाही. सारे उपाय एकदम केल्यामुळे खरा अपराधी कोण ते कळले नाही, ही माझी चूक. एकेक बदल करून पाहणे शास्त्राला धरून झाले असते. परंतु सुट्टी संपत आली होती.

आजीला मी सारे सांगितले. तिला बफर कळला नाही, पण बादली कळली. "म्हंजी माजं पानी मोरीत घालीवलंस," ती म्हणाली, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जात्यावर बसली. या खेपेला नऊच ओव्या आल्या. आधीच्या अकरांपैकी दोन तिला परत आठवल्या नाहीत. त्यांतली एक मी वाचवू पाहिली. ऑडॅसिटीत 'रिपेअर' नावाची सोय आहे. ती १२८ नमुन्यांपर्यंतचा, म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंदांचा तुकडा आजूबाजूच्या लहरीवरून अंदाजाने भरून देते. 'टक्' गेला, पण जे गेले होते ते कोठून येणार? त्या ओवीत आजीच्या माहेरच्या शिवेवरील एका वस्तीचे नाव आहे आणि गळती नेमकी त्याच्या पहिल्या अक्षरावर झाली आहे. तेथे 'प' आहे की 'ब', हे आम्ही दोघांनी दहादा ऐकूनही ठरेना. आजी म्हणते, "आसंल काय तरी." प्रकल्पाच्या वहीत मी त्या जागी टिंबे दिली आहेत आणि मूळ फाइल 'टक्'सकट वेगळी ठेवली आहे.

नव्या मुद्रणात बांगड्या छान ऐकू येतात. चौदाव्या मिनिटाला एक 'टक्' तेथेही आहे. लहर मोठी करून पाहिली. त्याला शेपूट आहे. जात्याचा खुंटा जरा सैल झालेला आहे, त्याचा तो आवाज. तो मी काढलेला नाही.