सांधेताप व हृदयाची छुपी सूज

एखाद्या मुलाचा गुडघा दुखतो. दोन-चार दिवसांनी तो थांबतो व घोटा दुखू लागतो. घरची मंडळी 'वाढीचे दुखणे' म्हणून स्वस्थ बसतात. परंतु सांधा सुजला असेल व अंगात ताप असेल, तर तो सांधेताप असण्याचा संभव असतो.

हा रोग बहुधा ५ ते १५ वर्षांच्या, म्हणजे शाळेच्याच वयात होतो. 'स्ट्रेप्टोकोकस' जंतूंमुळे घसा दुखतो. त्यावर वेळीच उपचार न झाल्यास काही मुलांत, घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर उलटते. सांध्यांची सूज ओसरते. हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या अधू होऊ शकतात.

हृदयाची सूज नेहमी उघड दिसत नाही. मूल हसते-खेळते, डॉक्टरांच्या नळीतूनही वेगळा आवाज ऐकू येत नाही. 'इको' तपासणीत मात्र झडपेतून रक्त मागे गळताना दिसते. डॉ. जोन्स यांनी १९४४ साली घालून दिलेल्या निदानाच्या कसोट्या २०१५ साली सुधारण्यात आल्या. तेव्हापासून अशी छुपी सूजही निदानात धरली जाते आणि प्रत्येक संशयित रुग्णाची इको तपासणी व्हावी, अशी शिफारस आहे.

शिक्षकांनी पुढील खुणांकडे लक्ष द्यावे :

१. तापाबरोबर एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात फिरणारे दुखणे.

२. थोड्या श्रमाने धाप लागणे, छातीत धडधडणे.

३. अक्षर एकाएकी बिघडणे, हातातील वस्तू निसटणे, हातपाय वा चेहरा आपोआप हलणे. ही लक्षणे घसा दुखल्यानंतर कित्येक महिन्यांनीही उद्भवतात. तो खोडकरपणा समजून मुलास शिक्षा करणे हा अन्याय होय.

अशा वेळी पालकांना त्वरित बोलावून मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आल्यास त्यासही सांगावे. पुढील तपासणीसाठी कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात जावे लागल्यास पालकांना धीर द्यावा.

निदान झाल्यावर रोग पुन्हा उलटू नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई अनेक वर्षे घ्यावी लागते. मूल बरे दिसू लागले की सुई चुकते, आणि तेथेच घात होतो. वर्गशिक्षकाने ती तारीख टिपून ठेवावी व आदल्या दिवशी मुलास आठवण द्यावी. एवढ्या दक्षतेने एखाद्या बालकाचे हृदय वाचू शकेल.