राजवाड्याभोवतीची बाग कुणी आखली?

प्रश्न : बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा पाहिला. फाटकातून आत शिरल्यावर वाडा येईपर्यंत हिरवळ आणि झाडंच. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांना असं आवार का नसतं? आणि ही बाग आखली कुणी?
– एक वाचक, राळेगाव (जि. यवतमाळ)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे : विल्यम गोल्डरिंग, लंडनजवळच्या क्यू वनस्पती उद्यानातले तज्ज्ञ. राजवाड्याचं काम १८७८ मध्ये मेजर चार्ल्स मँट यांनी सुरू केलं आणि १८९० मध्ये रॉबर्ट चिझम यांनी पुरं केलं. या दोघांची नावं वाटाडेही घडाघडा सांगतात. माळ्याचं नाव मात्र कुणी विचारत नाही, म्हणून तुमच्या पत्राचं विशेष कौतुक.

आता पहिला प्रश्न. मराठी वाड्याचं तोंड आत, चौकाकडे. बाहेर भिंत आणि दिंडी दरवाजा. आत तुळशीवृंदावन, फार तर कारंजं. शनिवारवाड्याचं हजारी कारंजं म्हणजे सोळा पाकळ्यांचं कमळ, पण तेही तटाच्या आतच. मोठी बाग हवी तर ती वस्तीबाहेर : पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी हिराबाग, तुमच्या जवळच्या नागपुरात भोसल्यांची तेलंगखेडी. बागेत जायचं म्हणजे घरून निघून जायचं. औरंगाबादच्या बीबी-का-मकबऱ्यात बाग इमारतीला चिकटून आहे खरी, पण ती मोगली चारबाग. पाण्याचे पाट, चार सारखे भाग, सगळं दोरी लावून आखलेलं.

विलायतेतल्या जमीनदारांची तऱ्हा उलटी. घर मधोमध, भोवती शेकडो एकर, आणि पाहुण्याला वाडा एकदम दिसू नये अशी वाट. हा राजवाडा बांधवून घेणाऱ्या सयाजीराव गायकवाडांनी नेमका हाच थाट उचलला, तरी कारंज्यांचे चौक आत ठेवलेच. गोल्डरिंग हे ‘द गार्डन’ या नियतकालिकात विल्यम रॉबिन्सन यांचे सहकारी होते. गालिच्यासारख्या फुलांच्या वाफ्यांवर रॉबिन्सन यांचा भारी राग. बडोद्यात वाफ्यांपेक्षा झाडं आणि मोकळी हिरवळ जास्त लक्षात राहते, त्याचं मूळ मला तिथे दिसतं. आवारातली नवलखी वाव (पायऱ्यांची विहीर) मात्र राजवाड्याच्या कितीतरी शतकं आधीची. पुढे १९३०च्या दशकात याच हिरवळीवर युरोपीय पाहुण्यांसाठी गोल्फचं मैदान झालं. एवढं गवत बारमाही हिरवं राखायला लागणारं पाणी मनात आणा; कापसाच्या मुलखातल्या माणसाला तो हिशेब सांगायला नको.

बडोद्याच्या बागांमधलं आणखी एक नाव म्हणजे गुस्ताव क्रुंबिगेल. हे ड्रेस्डेनजवळचे जर्मन, क्यूमध्ये काम करून १८९३ मध्ये बडोद्याला आले. पुढे म्हैसूरच्या महाराजांनी त्यांना बोलावून घेतलं. बंगळुरूचं लालबाग त्यांनी वाढवलं आणि एका झाडाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा, अशा बेताने रस्त्यांवर झाडं लावली. म्हैसूरजवळचं वृंदावन गार्डन आखताना त्यांनी पुन्हा पाट, पायऱ्या आणि कारंजी घेतली. त्याची प्रेरणा काश्मीरच्या शालिमार बागेची.